यंदा घास साधला बहुतेक

मागच्या दिवाळीनंतर पाच गुंठ्यात गाईच्या चाऱ्यासाठी लसूणघास टाकला होता आणि अर्धे वाफे मोकळेच राहिले. दुकानवाल्याला, बियाण्याला सगळ्यांना शिव्या घालून झाल्या, मग आईनी वाफ्यात बसून बोटानी माती उकरली तर बी दोन-अडीच इंच खाली, मोड आलेलं अन् तिथंच कुजलेलं. म्हणजे चूक माझीच. बाजरीसारखं फोकून वरून कुळव फिरवला होता मी. एवढंसं बारीक बी, एक-दीड सेंटिमीटरच्या खाली गेलं की वर यायला दमच पुरत नाय त्याला, त्यात पाणी धो धो सोडलं, काळ्या रानानी पापडी धरली (वरची माती कडक झाली) आणि विषय संपला.

यंदा नोव्हेंबरच्या सुरवातीलाच पेरला. राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल ८८ वाण, एकराला १० किलो धरतात म्हणून पाच गुंठ्याला सव्वा किलो. बी आधी मिठाच्या पाण्यात टाकलं, वर तरंगलं ते काढून फेकलं (त्यात अमरवेलीचं बी असतं, ही वेल घासाला विळखा घालून त्याचाच रस पिते), मग स्वच्छ धुऊन, रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) गुळाच्या पाण्यात कालवून चोळलं आणि सावलीत सुकवलं. फूटफूट अंतरावर बारीक काकऱ्या, बियात वाळू मिसळून, वरून नुसता हात फिरवला. पाणी हळू सोडलं आणि चौथ्या दिवशी आंबवणी (पेरणीनंतरचं दुसरं हलकं पाणी) दिली, त्यामुळं पापडी धरायच्या आत कोंब वर आले.

मुंग्यांचं मात्र मला आधी खरं वाटत नव्हतं. सकाळी बघतो तर बांधाकडं बियांची रांग चाललेली! आईनी त्यांच्या बिळाशी तांदळाची चुरी टाकली, त्या तिकडं गुंतल्या. शेजारच्या कोंबड्यांना असा काही उपाय नाय, जुन्या साड्या बांधल्या चारी बाजूंनी आणि शेजाऱ्याशी जरा वाजलं पण.

पुढं कोवळ्या शेंड्यांवर मावा कीड दिसली. औषध मारायचा हात शिवशिवतो पण हे उद्या गाईच्या पोटात जाणार, म्हणून ५ टक्के निंबोळी अर्कावरच भागवलं, दोनदा मारावा लागला.

खरी भीती अमरवेलीची. किडीनी एखादी कापणी जाईल, ही लागली तर तीन-चार वर्षं चालणारं रान मोडावं लागतं, आणि बी पडलं तर कैक वर्षं जमिनीत जिवंत राहतं. काल वरच्या वाफ्यात पिवळा दोरा दिसलाच. एवढं मिठाचं पाणी करून! नुसता दोरा ओढला तर तुकडा राहतो आणि परत फुटतो, म्हणून विळखा पडलेली रोपंच मुळासकट उपटली, पाटीत भरून थेट चुलीत. ओळीत पेरल्याचा फायदा हा, दिसतं तरी.

आज ४३ वा दिवस. आण्णा दोनदा विळा घेऊन वाफ्यापर्यंत जाऊन आले, गाय हंबरती म्हणे. पहिली कापणी ५५-६० दिवसांनी, मूळ धरू द्या म्हटलं, तोवर मका घाला. विळा मी लपवून ठेवलाय.