तुम्ही विचारलंत म्हणून: बायका सभेत बोलत नाहीत, मग आग्रह कशाला?

वनहक्काच्या प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, बायका येऊन नुसत्या बसतात. मग समितीत त्या हव्यातच, हा हट्ट कशाला?" विचारणारा बहुतेक वेळा चांगला कार्यकर्ता असतो, जंगलावरच्या गावाच्या सामूहिक हक्काच्या दाव्यासाठी चपला झिजवलेला. म्हणून नीट उत्तर देते.

गडचिरोलीतल्या एका गावाने ठराव केला होता, मोहाच्या झाडाखाली आग लावेल त्याला पाचशे रुपये दंड. हेतू चांगला होता, आगीत रोपं मरतात. सभा रात्री आठला झाली, चुली पेटलेल्या असतात तेव्हा. बायकांचे अंगठे दुसऱ्या दिवशी रजिस्टर घरोघरी फिरवून घेतले.

मार्चमध्ये मोह गळू लागला. फुलं पहाटे पडतात, वाळलेल्या पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून पाला जाळतात. आधी बाई आग लावून तिथेच थांबायची आणि हिरव्या फांदीने विझवायची. आता दंडाच्या भीतीने बायका अंधारात काडी लावून घरी यायच्या. त्या वर्षी वणवा आधीपेक्षा जास्त पसरला. दंड बसला तो बायकांनाच, त्यातल्या दोघी विधवा, शेत नसलेल्या. उन्हाळ्यात त्यांच्या हातात पैसा येतो तो मोहाचाच.

मग दुपारी, मोहाखालीच बसून बायकांना विचारलं. पहिला अर्धा तास कुणी बोललं नाही. तेवढं थांबावं लागतं. शेवटी एक बाई म्हणाली, "आमाले इचारलं असतं तं सांगितलं असतं. पाला झाडून देऊ, जुनी लुगडी अंथरू. पन झाडाले दोन माणसं लागतात, घरचा माणूसही आला पायजे." ठरावात ती ओळ आली, मोहाच्या पुढच्या हंगामात झाडाखालच्या आगी जवळजवळ थांबल्या. जंगलाचं हे ज्ञान गावात आधीपासून होतं, फक्त रात्री आठच्या सभेत ते नव्हतं.

कायद्याने हे ओळखलं आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, गावातले दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. २०१२च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेच्या गणपूर्तीतही (सभा वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीत) हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला लागतात. हा आकडा उगाच नाही. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्या अभ्यासल्या, तेव्हा महिला एक चतुर्थांश ते एक तृतीयांश झाल्या की त्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो, असं दिसलं. एकटीदुकटी बाई गप्पच बसणार, आणि तिच्या गप्प बसण्याचा दाखला देऊन तुम्ही मला प्रश्न विचारणार. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावात वन समितीवर प्रत्येक घरातून एक पुरुष आणि एक बाई घेतात. त्या गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला.

आता दुसरी बाजू, जी फारशी कुणी विचारत नाही. बायका आल्या तरी सगळे येतात असं नाही. आमच्या त्याच गावात बुरडांची पाच घरं आहेत. सुपं, टोपल्या, ढोल्या विणून जगणारी माणसं. त्यांना हिरवा बांबू लागतो. वाळलेला नीट चिरत नाही. ग्रामसभेने बांबू ठेकेदाराला विकला, पैसे आले, खूप काम झालं, अभिमानही वाटला. बुरडांना मात्र बाजारातून बांबू आणावा लागला. "ते आदिवासी नाहीत, त्यांचा काय हक्क?" असं मी भर सभेत ऐकलं आहे. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसं, हे तिथे पुन्हा सांगावं लागलं. मला त्या दिवशी राग आला होता, आणि अजूनही येतो. शतकानुशतकं ज्यांना जंगलातून हाकललं, त्यांनीच शेजाऱ्याला दाराबाहेर उभं करावं?

यंदा सभा दुपारी दोनला ठेवली. बुरड मोहल्ल्यातली एक आजी उठली आणि विचारलं, "ह्या तोडीत आमच्यासाठी किती ठेवता?" त्यावर तासभर बोलणं झालं. बांबूचा वेगळा तुकडा ठेवायचा की नगाप्रमाणे द्यायचा, याच्यावर सभा अडली आहे. पुढची तारीख तिने स्वतः मागून घेतली, बाजाराचा दिवस सोडून.