निस्ती तयारी

प्रवासाच्या वहीत आज काहीच लिहिलं नाही. जेवण झालं की ती निळी वही उघडायची, काहीतरी भर घालायची, काहीतरी खोडायचं, हे इतकं अंगवळणी पडलंय की आज ती कपाटातच राहिली तेव्हा हिने विचारलंसुद्धा, बरं नाही का? बरं आहे म्हटलं. आणि ही दुसरी वही घेऊन बसलो.

झालं एवढंच. होळीच्या आदल्या दिवशी मी माझ्या जुन्या मारुती जिप्सीखाली आडवा होतो. शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारत होतो. आबा ओट्यावर. समोरच्या काकांनी विचारलं, काय म्हणतो पोरगा, लडाखला कधी निघतो? आबांनी जराही वेळ न लावता सांगितलं, "हाऊ कथाबी जात नही भो. याले निस्ती तयारी आवडस." म्हणजे हा कुठेच जात नाही, याला नुसती तयारी आवडते. काका हसले. मग दोघं कापसाच्या भावावर गेले.

यात लागण्यासारखं काय आहे? काही नाही. गावात याहून वाईट बोललं जातं, आणि तोंडावर बोललं जातं. पण माझे पाय गुडघ्यापर्यंत गाडीबाहेर होते. चपला शेजारी काढलेल्या होत्या. ज्या माणसाने एसटी चालवताना उभी नोकरी आरशात बघून मागचा सायकलवाला ओळखण्यात घालवली, त्याला स्वतःच्या पोराचे पाय दिसले नसतील? दिसले असतील तर ते मला ऐकवलं. दिसले नसतील तर ते त्यांना मनापासून वाटतं. यातलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निस्ती तयारी. मी काय हौस म्हणून करतोय?

गाडी २००८ ची. पंधरा वर्षं भरल्यावर आधीच्या मालकाने पाच हजार भरून पासिंग वाढवून घेतलं, म्हणून २०२८ पर्यंत कागदाची चिंता नाही. बाकी सगळ्याची आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात, म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या बदलल्या. टायमिंग बेल्ट बदलला. ऐंशीच्या वर स्टेअरिंग थरथरायचं, ते किंगपिनच्या बेअरिंगपर्यंत शोधत नेलं. मागच्या पाट्यांमध्ये एक पान तुटलेलं निघालं. ही गाडी मुळात बैलगाडीची बहीण, पुढेही पाटे, मागेही पाटे, एसी नाही, पॉवर स्टेअरिंग नाही. १९८५ मध्ये आली आणि २०१८ च्या शेवटी कंपनीने बुकिंग बंद केलं, तोवर तिच्या हाडात फारसा बदल नव्हता. म्हणूनच तर पावणेदोन लाखात मिळाली, आणि म्हणूनच कुठल्याही गावचा मिस्तरी तिला हात लावू शकतो. ही तयारी नसती केली तर सेंधव्याच्या पुढे टोचन लावूनच आणावी लागली असती. तेव्हा आबाच म्हणाले असते, गाडी न बघता निघतं का कोणी?

पण हेही खरं की आबांनी कधी तयारी केली नाही. बोर्डावर ड्यूटी लागली की डबा, टॉवेल आणि निघाले. मुक्कामी गाडी असली तर जास्तीची एक चादर. बिजासन घाट रात्री उतरताना ब्रेक गरम झाले, तर थांबायचं, गार होऊ द्यायचे, पुन्हा उतरायचं. या गोष्टी ते सांगतातही असं की जणू भाजी आणायला गेले होते. निळ्या वहीत माझी ब्रेकवरच दोन पानं आहेत.

परवा रात्री झोप येईना म्हणून ती दोन पानं वाचली. मग पुढची वाचली. आणि लक्षात आलं की काही पानं मी आधीच्या पानांवरून स्वच्छ अक्षरात परत उतरवलेली आहेत. नवीन काही नाही, फक्त सुवाच्य.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. चाळिशी उलटल्यावर माणूस एक गोष्ट स्वतःसाठी काढतो आणि घरातल्या ओट्यावर तिची एका वाक्यात वासलात लागते. पुण्यात बसलेला भाऊ फोनवर म्हणतो, विमानाने जा ना, चार दिवसांत परत. ज्याच्या बरोबरीने हे सगळं ठरलं होतं तो... जाऊ दे. त्याच्या वाटणीची झोपायची पिशवीही माझ्याकडेच पडून आहे. हिला वाटतं मी कंटाळलोय. मायला वाटतं मला कोणी काही केलंय. कोणाला वाटत नाही की मला जायचंय.

आणि जायचंय का, हा प्रश्न मीच मला विचारतोय, ही सगळ्यात वाईट गोष्ट. आधी कधी विचारला नव्हता.

रस्ता तर पाठ आहे. आपल्याकडे अजून आग्रा रोडच म्हणतात, पण आता तो राष्ट्रीय महामार्ग ५२. खाली कर्नाटकात अंकोल्याला एक टोक, वर पंजाबात संगरूरला दुसरं, आणि मधे आपलं शिरपूर. म्हणजे इथून डावीकडे-उजवीकडे न वळता, सेंधवा, इंदूर, देवास, ब्यावरा, झालावाड, कोटा, बुंदी, टोंक, जयपूर, सीकर, हिसार, सरळ पंजाब. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला दिल्लीत बंदी, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि हा रस्ता दिल्लीला उजव्या हाताला दूर ठेवूनच जातो. हे मला नकाशावर सापडलं त्या रात्री मी हिला उठवून सांगितलं होतं. तिने "बरं" म्हटलं आणि कूस बदलली.

पुढे चंदीगड, मंडी, मनाली. २०२० पासून अटल बोगदा आहे, ९.०२ किलोमीटरचा, त्यामुळे रोहतांग चढायचं काम नाही. तांदीला पंपावरची ती पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. जिप्सीची टाकी ४० लिटर. घाटात आठचं अ‍ॅव्हरेज धरलं तर ३२०. वरचे ४५ किलोमीटर म्हणजे वीस लिटरचा कॅन. टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर, तिथे हवा खालच्या निम्मी, ८० हॉर्सपॉवरच्या इंजिनाची ताकद तिथे चाळिशीच्या आसपास उरते. पाणी ८२-८३ अंशांवर उकळायला लागतं, म्हणजे कुकर घेतल्याशिवाय डाळ शिजायची नाही. सगळं वहीत आहे. मागची समोरासमोरची बाकडी काढून प्लायची फळी टाकली. तिरका झोपलो तर पाय मावतात.

तोरणमाळलाही नेऊन आणली. सात पायरीच्या घाटात पहिल्या-दुसऱ्यावर चढली, तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला नाही. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आबा म्हणाले, "तठे तं एसटी बी जास."

आता हसू येतंय. तेव्हा आलं नव्हतं.

आज संध्याकाळी कालनिर्णय घेऊन बसलो, की ठरवूच, तारीखच टाकू. एप्रिलमध्ये आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. बहिणी येणार, झोके बांधायचे, तेव्हा घरातून निघणं म्हणजे वैर. मे महिन्यात खिंडी उघडत असतात, पण बागायती कापूस लावायचा तो तेव्हाच, आणि जून-जुलैत कोरडवाहूची पेरणी, निंदणी, खत. शिवाय पावसात हिमाचलचे डोंगर खाली येतात. श्रावणात कानबाई देवीचा उत्सव. कानबाईच्या रोटांना भाऊबंदकी झाडून जमते, पुण्याचाही येतो, आणि मी नसलो तर पुढची वीस वर्षं ऐकावं लागेल. मग पोळा. मग गणपती. मग नवरात्र, आणि तोवर कापूस वेचणीला आलेला, मजूर मिळत नाहीत म्हणून घरच्यांनीच वाकायचं. वेचणी संपेपर्यंत वाटेतली बारालाचा खिंड बर्फाखाली.

असं बघितलं तर वर्षात खानदेशातला माणूस कुठे जाऊच शकत नाही. आबांनी बरोबर सांगितलं काकांना. मी जात नाही हे माझ्या स्वभावात नाही, पंचांगात आहे. हे सुचल्यावर एकदम हलकं वाटलं, मग संशय आला की हलकं का वाटलं.

आणि आवडत असेल तयारी, तर काय बिघडलं? माय उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे घालते, पापड लाटते, शेवया करते, डबेच्या डबे भरते. निम्मं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसंच राहतं. तिला कोणी म्हणत नाही की हिला निस्ती तयारी आवडते. मलाही ग्रीसचा वास आवडतो. शुक्रवारी धुळ्याला जाऊन एखादा ऑइल सील शोधून आणायचा, तो नेमका बसला की होणारा आनंद आवडतो. लेहला पोचल्यावर काय करणार, यावर वहीत एक ओळ नाही. खरंच नाही. आत्ता उठून बघितलं. पोचण्याच्या रकान्यात फक्त "तेल बदलणे" लिहिलंय.

आबा मघाशी मागच्या दारी आले होते. गाडीभोवती एक फेरी मारली, खिडकीतून फळी बघितली, काही बोलले नाहीत. मग मागच्या दारावर मी कॅनसाठी ठोकलेली चौकट हलवून बघितली. "आठे बांधशी? मांगून कोणी ठोकलं तं?" म्हणाले. मी म्हटलं, मग कुठे? तर सीटमागची जागा दाखवली, मग स्वतःच मान हलवली, आत वास येईल, झोपता येणार नाही. बराच वेळ तिथे उभे राहिले. वर टपावर पुढच्या बाजूला, आडवा, रिकामा न्यायचा आणि तांदीलाच भरायचा, असं शेवटी ठरलं. तांदी हा शब्द त्यांच्या तोंडून आला तेव्हा मी चमकलो. मी घरात तो किती वेळा उच्चारला असेन देव जाणे.

पाय दिसले होते का, हे विचारायचं राहिलं. विचारणार नाही बहुतेक.

कालनिर्णय पुन्हा पाहिलं तेव्हा एक फट सापडली. पितृपक्ष. त्या पंधरवड्यात लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तू नाही, कोणी नवीन काही घेत नाही, म्हणजे कोणाला माझी गरज नाही. कापूस बोंडावर असतो, फवारणी बटाईवाला बघेल. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे सगळंच लांबलंय, पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटी लागून १० ऑक्टोबरला संपतोय. वर थंडी पडलेली असणार, एखादा बर्फाचा सडा होऊन गेलेला असणार. म्हणजे कूलंटचं प्रमाण वाढवावं लागेल, बॅटरी नवी हवी, आणि ही झोपायची पिशवी चालायची नाही.

मायला सांगितलं तर ती उडालीच, पितरांच्या दिवसांत कोणी प्रवासाला निघतं का! आबा आतून म्हणाले, एसटी निघते की. आजोबांची तिथी नवमीची आहे. घास टाकून, दशमीला पहाटे. निळी वही आणली आणि कूलंटचं लिहून घेतलं.