श्पेट्स्लेची फळी

जर्मनीतल्या स्टुटगार्टमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी श्पेट्स्ले, म्हणजे उकळत्या पाण्यात शिजवायच्या तिथल्या अंड्याच्या मऊ शेवया, करायला घेतले, तेव्हा पीठ, अंडी, मीठ आणि पाणी एवढ्या चारच जिनसांत अवघड ते काय असणार, अशी माझी समजूत होती. अर्धा किलो पीठ, पाच अंडी, चमचाभर मीठ आणि अंदाजे २०० मिलिलिटर पाणी, हे घरमालकीणबाईंनी सांगितलेले प्रमाण मी लिहून घेतले आणि पाणी हात सैल सोडून घातले. पीठ फळीवर ठरेना. उकळत्या पाण्यात पडताच ते विरघळले आणि पातेल्यात पांढरट पेज तयार झाली.

दुसऱ्या खेपेस बाई शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी आधी माझा मैदा बाजूला सारला आणि यासाठी इथे वेगळे मिळणारे, रव्याकडे झुकणारे भरड पीठ घेतले. मध्ये भोक असलेल्या लाकडी चमच्याने, पिठात बुडबुडे येऊन हात भरून येईपर्यंत, ते फेटायचे होते. चमचा उचलल्यावर पीठ रेंगाळत खाली आले आणि मध्येच तुटले, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

खरी परीक्षा फळीची होती. मुठीची, पुढची कड निमुळती असलेली ही फळी उकळत्या पाण्यात बुडवून ओली करायची, तिच्यावर डावभर पीठ पातळ पसरायचे आणि ओल्या पात्याने कडेवरून बारीक पट्ट्या सरसर पाण्यात लोटायच्या. वर तरंगल्या की झाऱ्याने काढून घ्यायच्या. श्पेट्स्ले म्हणजे शब्दशः छोट्या चिमण्या. माझ्या चिमण्या कावळ्यांएवढ्या झाल्या.

आपल्या शेवेच्या सोऱ्यासारखे यंत्रही इथे घरोघरी असते आणि बुंदीसारखे गोल थेंब पाडणारी किसणीही असते. त्या थेंबांना क्नोप्फ्ले म्हणतात. २०१२ पासून युरोपीय संघाने श्वाबेन या स्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशाच्या या दोन्ही प्रकारांच्या नावांना भौगोलिक संरक्षण दिले आहे. तरीही सोऱ्यातून निघालेले सगळे सारखेच दिसतात आणि फळीवरच्या खडबडीत तुकड्यांना रस्सा जसा धरतो तसा त्यांना धरत नाही, हे बाईंचे मत मला चवीने पटले.

त्या संध्याकाळी आम्ही ते व्हिनेगर घातलेल्या मसुरांबरोबर खाल्ले. बाईंनी आपल्या ताटात सॉसेज घेतले. मला मात्र पहिल्याच घासाला घरची वरणफळे आठवली. आता फळी माझ्याकडेच असते, पण बाई आल्या की पातेल्यात डोकावून सर्वांत जाड तुकडा अचूक शोधून काढतात.