साताऱ्यातले मोटारसायकलचे मैदान

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी साताऱ्याहून अण्णांचा फोन आला. एरवी दोन वाक्यांत बोलणे आटोपणारे अण्णा त्या दिवशी बराच वेळ बोलत राहिले. गावातल्या ऐन मध्यवस्तीतल्या मैदानावर चार दिवसांपासून डंपरने माती आणून टाकली जात होती, तिचे उंचवटे रचले जात होते आणि रविवारी दिवसभर तिथे मोटारसायकलच्या शर्यती व जुन्या गाड्यांचे प्रदर्शन होणार होते. "तिकीट नाही. बायकामुलांना बसायची वेगळी सोय केली आहे म्हणतात. शौनकला घेऊन ये," असे ते म्हणाले आणि किंचित थांबून त्यांनी विचारले, "तूही कधी शर्यत बघितलेली नाहीस ना?"

त्यांचे म्हणणे खरे होते. सातारा जिल्ह्यात शर्यतीचे वेड जुने आहे आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत होणाऱ्या बैलगाडी शर्यतींची वर्णने ऐकतच मी लहानाची मोठी झाले. आमच्या घरी मात्र 'मैदान' बघायला जायचे ते अण्णांनी, काकांनी आणि चुलतभावांनी. ते रात्री परतले की त्यांचे धुळीने माखलेले सदरे भिजत घालताना कोणाची जोडी पळाली आणि कोणाची चाकोरी सोडून बाहेर गेली, एवढेच ताईच्या आणि माझ्या वाट्याला येत असे. जाऊ नका असे कोणी म्हणाले नव्हते, पण चला असेही कोणी म्हणाले नव्हते. त्यामुळे अण्णांचा तो प्रश्न रात्री झोपेपर्यंत माझ्या मनात राहिला.

रविवारी पहाटे ताईच्या मुलाला, नऊ वर्षांच्या शौनकला, उठवून स्वारगेटहून सहाची एसटी धरली. पुण्याहून सातारा साधारण एकशेदहा किलोमीटर. जाताना खंबाटकीचा घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचे, हे त्याला पाठ असल्यामुळे घाट येईपर्यंत तो जागा राहिला आणि घाट संपताच झोपला. नऊच्या सुमारास स्टँडवर उतरलो, तर अण्णा टोपी, मफलर आणि पाण्याची बाटली अशा तयारीने फलाटावर उभे होते.

मैदान दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचा आवाज पोहोचला. एका मागोमाग एक कर्कश चढत जाणारा आणि मध्येच तुटणारा तो आवाज घरांच्या भिंतींवर आपटून परत येत होता आणि पेठेतल्या गॅलऱ्यांमधून माणसे वाकून पाहत होती. पोलिसांनी मैदानाकडे जाणारा रस्ता वाहनांसाठी बंद केला होता, म्हणून त्या रस्त्याच्या मधोमध आजी-आजोबा, बाबागाड्या ढकलणारे आईबाप आणि पोरांचे घोळके निवांत चालले होते. साताऱ्याच्या त्या अरुंद रस्त्यावर मी इतक्या निर्धास्तपणे यापूर्वी कधी चालल्याचे आठवत नाही.

फाटकाशी एक कार्यकर्ती लहान मुलांच्या कानांत घालायला कापसाचे बोळे देत होती. तिने शौनकला दोन बोळे दिले आणि माझ्याकडे बघून, "ताई, तुम्हीही घ्या, दुपारी लागतील," असे सांगितले. ती व्यवस्था मला फार आवडली. आवाज किती होणार हे जाणून कोणीतरी आधीच त्याचा विचार केला होता.

आत ओळखीचे ते मैदान ओळखू येत नव्हते. जिथे रोज संध्याकाळी क्रिकेट चालते तिथे लाल-काळ्या मातीची नागमोडी वाट तयार झाली होती. वळणांवर मातीचा तिरका बांध घातलेला होता, ज्याला रायडर 'बर्म' म्हणतात. त्याला टेकून गाडी वेग न मोडता वळते. पुढे माथा सपाट असलेला 'टेबलटॉप' होता, मग मध्ये मोकळी जागा सोडून रचलेले दोन उंचवटे, आणि शेवटी पाठोपाठ बसवलेल्या लहान लहान उंचवट्यांची रांग, जिला 'व्हूप्स' असे नाव आहे. प्रेक्षकांच्या कठड्यापासून ट्रॅकपर्यंत मोकळी पट्टी ठेवलेली होती आणि ट्रॅकच्या कडेला जुन्या टायरांच्या रांगा लावल्या होत्या. धूळ बसवण्यासाठी टँकर सतत पाणी मारत होता. ते काम दिसायला किरकोळ असले, तरी माती फार कोरडी राहिली तर मागच्या रायडरला समोरचे काही दिसत नाही आणि फार ओली झाली तर चाक घसरते. टँकरवाल्याचा हात सकाळपासून मोजून चाललेला होता.

या खेळाची थोडी माहिती मी आदल्या रात्री शौनकसाठी काढून ठेवली होती. मोटोक्रॉसचा उगम इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, कॅम्बर्ली हीथ येथे २९ मार्च १९२४ रोजी झालेल्या शर्यतीत मानला जातो. इंग्रज तिला 'स्क्रॅम्बल' म्हणत, आणि मोटारसायकल व क्रॉस-कंट्री यांसाठीचे शब्द जोडून 'मोटोक्रॉस' हे नाव नंतर फ्रेंच भाषेत तयार झाले. तेव्हा ही शर्यत माळरानावर आणि टेकड्यांवर होत असे, म्हणजे बघायचे तर गावाबाहेर जावे लागे. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॉलिसियम या स्टेडियममध्ये माती आणून टाकून डोंगरवाट शहरात उभी केली गेली आणि तिथली शर्यत मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने जिंकली. आज ज्याला सुपरक्रॉस म्हणतात तो प्रकार तिथून रुळला. सोळा वर्षे म्हणजे आपल्याहून फक्त सातने मोठा, हा हिशोब शौनकने लगेच केला.

शर्यतींना वेळ होता म्हणून आधी जुन्या गाड्या बघायला गेलो. जावा, येझदी, राजदूत आणि टाकी घासूनपुसून आरशासारखी केलेली यामाहा आरएक्स १०० अशा गाड्या मांडवात होत्या. तरुण मुलांची सगळी गर्दी आरएक्सभोवती होती. अण्णा मात्र मांडवाच्या टोकाला एका फिकट निळ्या स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले. ती प्रिया होती.

पुण्यामुंबईच्या लोकांना ठाऊक नसते, पण एके काळी साताऱ्यात स्कूटर तयार होत असे. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली, औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना उभा राहिला आणि तिथून प्रिया बाहेर पडू लागली. त्या काळात स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट बघावी लागे. अण्णा त्या कारखान्यात जोडणीच्या विभागात होते. आमच्या शाळेच्या फिया, ताईचे लग्न आणि घराचा वरचा मजला या सगळ्याच्या मागे त्या स्कूटरी होत्या.

स्कूटरचा मालक कोरेगावकडचा तिशीतला तरुण होता. अण्णांनी खाली वाकून, गाडीला हात न लावता, बाजूचा पत्रा कसा बसतो ते शौनकला दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तो मुलगा पुढे आला आणि, "काका, हात लावा की, तुमचीच आहे," असे म्हणाला. मग अण्णांनी गिअर आणि क्लच एकाच मुठीत कसे असतात ते समजावले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. त्यात इंजिनाचा दांडा एकदा फिरला की एकदा जोर मिळतो, फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोनदा फिरावे लागते, आणि निळसर धूर येतो तो त्या ऑइलचा, असे सगळे त्यांनी बोटांनी हवेत गोल काढत सांगितले. इतकी वर्षे ते जे काम करून घरी येत होते, ते काम मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

अकराच्या सुमारास शर्यती सुरू झाल्या. आम्हाला कठड्याजवळ जागा मिळाली, आणि आमच्या शेजारी खटाव तालुक्यातून आलेले सत्तरीतले एक गृहस्थ नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांची स्वतःची बैलजोडी होती. २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर थांबलेल्या शर्यतींना न्यायालयाची परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तोवर त्यांनी गोठ्यातली जोडी नुसती सांभाळली होती. निवेदक ध्वनिवर्धकावरून सांगत होता तेही मी ऐकत होते, पण मला ही शर्यत कळली ती या आजोबांमुळे. आधी हीट, मग सेमी, मग फायनल असे निवेदकाने सांगताच ते म्हणाले, "म्हंजे गट, सेमी, फायनल. आपल्यावानीच हाय की."

सुटण्याची जागा त्यांनी फार बारकाईने पाहिली. रायडर एका ओळीत उभे होते आणि प्रत्येकाच्या पुढच्या चाकासमोर लोखंडी आडकाठी होती, जी खाली पडते ती रायडरच्या बाजूला. त्यामुळे कोणी घाई करून आधी निघाला तर त्याचेच चाक तिच्यात अडकते आणि तो मागे पडतो. हे लक्षात येताच आजोबांचा चेहरा उजळला. "बघा, सुट्टीवर भांडान न्हाई. आमच्याकडं अर्धा दिस तिथंच जातुया," असे ते म्हणाले, आणि नंतर प्रत्येक वेळी आडकाठी पडली की नातवाचे पाय घट्ट धरून तेच आधी ओरडत, "सुटली!"

लांबून पाहताना वाटते की सगळे काम इंजिन करते. कठड्याजवळ उभे राहिल्यावर कळते की रायडर सीटवर जवळपास बसतच नाही. तो पायदाणांवर उभा असतो, गुडघ्यांनी गाडी आवळलेली असते, कोपरे बाहेर काढलेली असतात, आणि शंभर किलोंच्या आसपास वजनाची ती गाडी उंचवट्यावरून हवेत गेली की तिचे नाक वर राहील की खाली जाईल हे त्याच्या अंगाच्या हालचालीवर ठरते. या गाड्यांना दिवे नसतात, आरसे नसतात, नंबरप्लेट नसते, म्हणजे त्या रस्त्यावर आणताच येत नाहीत. काही मिनिटांची शर्यत संपवून हेल्मेट काढलेल्या एका रायडरला मी जवळून पाहिले. त्याचा श्वास धावून आलेल्या माणसासारखा चालला होता आणि हाताच्या मुठी लवकर उघडत नव्हत्या.

दुपारी लहान मुलांचा गट झाला. दहा-बारा वर्षांची सहा मुले होती, आणि त्यांत कोल्हापूरहून आलेली एक मुलगी होती. छातीवर कवच, मानेभोवती पट्टा, गुडघ्यांवर आणि कोपरांवर संरक्षक वाट्या, डोळ्यांवर गॉगल असा तिचा सगळा साज तिची आई एकेक बंद ओढून तपासत होती, आणि तो तपासून होईपर्यंत वडिलांनी इंजिन सुरू केले नाही. ती तिसरी आली. दुसऱ्या फेरीत एका वळणावर ती मागच्या गाडीला आत येऊ न देता बर्मच्या अगदी वरच्या कडेने वळली, तेव्हा महिलांसाठी राखलेल्या बाकांवरून जो आवाज उठला तो दिवसभरातला सर्वांत मोठा होता, आणि त्यात माझाही होता.

फायनलच्या आधीच्या शर्यतीत दोन उंचवट्यांमध्ये एक रायडर उताराऐवजी दुसऱ्या माथ्यावर आदळून पडला. क्षणात पिवळे निशाण हलू लागले. ते निशाण दिसले की वेग कमी करायचा आणि कोणाला ओलांडायचे नाही, असा नियम आहे. जिंकण्याच्या ईर्षेने आलेल्या त्या सर्वांनी एकदम हात ढिले सोडले. रुग्णवाहिकेतली माणसे धावली. तो स्वतः उठून बसला तरी त्याला लगेच उभे राहू दिले नाही. मैदान शांत झाले होते. शौनकने माझा हात धरला होता. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलांपैकी एकाने दुसऱ्याला, "हेल्मेट बघ, कसं तडकलंय," असे हळू आवाजात म्हटले, आणि पुढचा बराच वेळ ती मुले त्या हेल्मेटबद्दलच बोलत होती. यवतेश्वरच्या घाटात रविवारी सकाळी उघड्या डोक्याने सुसाट जाणारी त्यांच्याच वयाची मुले मी पाहिलेली आहेत, आणि म्हणून ते बोलणे मी कान देऊन ऐकले.

फायनल लवकर संपल्यासारखी वाटली. पहिल्या वळणावर जो पुढे गेला तोच शेवटपर्यंत पुढे राहिला आणि काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे निशाण त्याच्यावर पडले. आजोबांना वडूजची गाडी गाठायची होती. निघताना ते मला म्हणाले, "पुसेगावला या की एकदा. नातीबी येत्यात आता." अण्णांनी ते ऐकले. ते काही बोलले नाहीत, पण घरी जाताना त्यांनी मोती चौकातून कंदी पेढे घेतले आणि आमच्याकडे न बघता यात्रा मार्गशीर्षात असते, तेव्हा रजा टाकावी लागेल, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडकडे जाताना मैदानावरून गेलो. लोडर टेबलटॉपची माती उचलून डंपरमध्ये भरत होता, दोन माणसे टायर मोजत होती, आणि एका कोपऱ्यात पाच-सहा मुले स्टंप घेऊन जागा मोकळी व्हायची वाट बघत उभी होती. एक बर्म अजून शाबूत होता. शौनक माझ्या हातात पिशवी देऊन त्याच्यावर चढला, कालच्या मुलीसारखा अगदी वरच्या कडेने वळला, आणि अण्णा खालून त्याला सांगत होते, "कोपरे बाहेर काढ, कोपरे."