दुःखाच्या घरी 'उपदेशक' का वाचता?

हे मला मंडळीतले लोक विचारतात, आणि प्रार्थनेला आलेले हिंदू शेजारीही विचारतात. घरातलं माणूस गेलेलं असतं, रडून रडून सगळे थकलेले असतात, आणि मी बायबल उघडून 'व्यर्थ हो व्यर्थ, सर्व काही व्यर्थ' म्हणणाऱ्या पुस्तकातून वाचायला लागते. धीर द्यायचा सोडून हे काय? मेंढपाळाचं स्तोत्र वाचा, योहानातलं पुनरुत्थानाचं वाचा. तुमचं म्हणणं मला पटतं. कबरेपाशी पाळकसाहेब तीच वचनं वाचतात आणि माझाही त्यांवर पूर्ण विश्वास आहे. पण दफनविधी उरकून माणसं घरी परततात, चपला दारात काढून भिंतीला टेकून बसतात, तेव्हा जे लागतं ते मला उपदेशकात सापडतं.

बारा अध्यायांचं छोटं पुस्तक आहे हे, एका बैठकीत वाचून होतं. लिहिणारा स्वतःला दावीदाचा पुत्र, यरुशलेमेतला राजा म्हणवतो, म्हणून परंपरेनं ते शलमोनाचं मानलं जातं. पण शलमोनाचं नाव पुस्तकात कुठेही नाही, आणि त्यातल्या हिब्रूत फारसीतून आलेले शब्द आहेत. त्यामुळे बरेच अभ्यासक ते शलमोनाच्या कितीतरी नंतरचं, साधारण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं मानतात. तेव्हा यरुशलेमेवर इजिप्तच्या टॉलेमी राजांची सत्ता होती. गरिबावर जुलूम होताना दिसला तर नवल करू नका, एका अधिकाऱ्यावर दुसरा असतो आणि त्यांच्यावर आणखी वरचे असतात, असं पाचव्या अध्यायात आहे. ते वाचताना ऐकणारे एकमेकांकडे बघतात. मृत्यूचा दाखला, वारसनोंद, विम्याचे कागद यांसाठीच्या खेपा त्यांना दिसत असतात.

दुसऱ्या अध्यायात तो स्वतःचा हिशेब मांडतो. मी घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, झाडांना पाणी मिळावं म्हणून तळी खोदली, सोनं-रुपं साठवलं, गाणारे ठेवले. डोळ्यांनी जे मागितलं ते दिलं. आणि मग एक प्रश्न विचारतो, जो मी जवळजवळ प्रत्येक दुःखाच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकला आहे: हे सगळं मी ज्याच्यासाठी मागे ठेवणार, तो शहाणा निघेल की मूर्ख, कुणाला ठाऊक?

आमच्याकडे हे वेगळ्या शब्दांत येतं. 'एवढं राब राब राबले, काय मिळालं त्यांना?' बायको म्हणते, मोठी सून म्हणते, कधी शेजारचे आजोबा म्हणतात. बाकीचे लगेच गप्प करतात, असं बोलू नये म्हणतात. मला वाटतं बोलू द्यावं. शास्त्रात तेच लिहिलेलं ऐकलं की त्या बाईला आपण काही पाप बोललो असं वाटत नाही. नुसत्या धीराच्या वचनांनी हे होत नाही. घाईनं दिलेला धीर पुष्कळदा माणसाचं तोंड बंद करतो.

पण मी तिथे थांबत नाही, कारण पुस्तकही तिथे थांबत नाही. 'व्यर्थ' एवढंच लक्षात राहिलेल्यांनी नववा अध्याय सावकाश वाचावा. सुरुवात फार कठोर आहे. नीतिमान असो की दुष्ट, सगळ्यांची गत एकच. मेलेल्यांना काहीच कळत नाही. मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रा बरा. आणि याच्या लगेच पुढे, मध्ये एकही दिलाशाचा शब्द न घालता, तो म्हणतो: जा, आनंदानं आपली भाकर खा, प्रसन्न मनानं द्राक्षारस पी. कपडे सदा शुभ्र असोत, डोक्याला तेलाची कमी पडू नये. जिच्यावर तुझं प्रेम आहे त्या पत्नीबरोबर सुखानं राहा. जे काम हाताला येईल ते सगळं बळ लावून कर, कारण तू जिथे चालला आहेस त्या अधोलोकात ना काम आहे, ना बेत, ना ज्ञान.

असाच उपदेश यापेक्षा हजाराहून अधिक वर्षं जुन्या बाबिलोनी कथेतही आहे. मित्र मेल्यावर अमरपणाच्या शोधात भटकणाऱ्या गिल्गमेश राजाला मद्य विकणारी एक बाई सांगते: पोटभर जेव, कपडे स्वच्छ ठेव, डोकं धू, हात धरणाऱ्या लेकराकडे बघ, बायकोला सुख दे. इतकं सारखं आहे की वाचताना अंगावर काटा येतो. पण ती बाई कामाबद्दल काही म्हणत नाही. उपदेशक म्हणतो, आणि हे सगळं देवाच्या हातून मिळतं असंही म्हणतो. फळ टिकणार नाही हे माहीत असूनही काम जीव ओतून करायचं, हे मला त्याचं सगळ्यांत मोठं सांगणं वाटतं. घरचं माणूस गेल्यावर सोमवारी पुन्हा दुकान उघडायचं असतं, शाळेत जायचं असतं. 'कशासाठी?' या प्रश्नाला तो मोठं उत्तर देत नाही. हाताला आलं आहे म्हणून कर, एवढंच सांगतो.

म्हातारी माणसं असतील तर बारावा अध्यायही वाचते. तिथे शरीर म्हणजे एक घर आहे. घराचे राखणदार थरथरतात, ते हात. दळणाऱ्या थोड्या उरल्या म्हणून थांबतात, ते दात. खिडक्यांतून बघणाऱ्या अंधुक होतात, ते डोळे. बदामाचं झाड फुलतं, ते पांढरे केस. त्या देशात थंडी सरता सरता आधी बदाम फुलतो आणि झाड पांढुरकं होऊन जातं. दळण्याचा आवाज मंद होतो, हे ऐकताना आमच्या म्हाताऱ्या बायांना काही समजावून सांगावं लागत नाही. पहाटेचं जातं त्यांनी ओढलेलं आहे. यिर्मया संदेष्टाही देश ओसाड होईल हे सांगताना जात्याचा आवाज आणि दिव्याचा उजेड बंद होईल असं म्हणतो. घरात कुणीतरी जगतं आहे याची त्या काळी हीच खूण होती.

नव्वदावं स्तोत्र, मोशेची प्रार्थना, तेही जोडीला घेते. आयुष्य सत्तर वर्षांचं, शक्ती असली तर ऐंशी, आणि तेही कष्टात जातं. म्हणून आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव. माणूस पस्तिशीत गेला असेल तर मात्र हे वाचत नाही. 'सत्तर' हा आकडा त्या आईच्या कानावर पडू नये.

हे पुस्तक पवित्र शास्त्रात धरावं की नाही यावर यहुदी गुरूंमध्येही वाद होता. शम्मायचे शिष्य नको म्हणत, हिल्लेलचे शिष्य हवं म्हणत. ते राहिलं, आणि आज अनेक यहुदी सभास्थानांत ते मंडपांच्या सणात वाचतात. हंगाम घरात आल्यावर फांद्यांच्या मांडवात बसायचा तो सण, ज्यात आनंद करा अशी आज्ञाच आहे. ज्यांनी ही जागा ठरवली त्यांनी पुस्तक नीट वाचलं होतं, असं मला वाटतं.

आता वाचनाची वेळ. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, आणि डबा झाकलेलाच राहतो. कुणी पहिला घास घ्यायचा यावर सगळे अडून बसतात. म्हणून मी नववा अध्याय जेवणाच्या आधी वाचते. 'जा, आनंदानं आपली भाकर खा' इथपर्यंत आले की पुस्तक मिटते, घरातल्या मोठ्या सुनेला ताटं घ्यायला सांगते, आणि पहिलं ताट ज्या बाईचा नवरा गेला तिच्यापुढे ठेवायला लावते.