आमची वाटचाल : वाघोटण खाडीवरची ३० फुटी शिडाची बोट

सुरुवात मासेमारीच्या होड्यांनीच झाली. कोकणात फायबरचं काम करणाऱ्या कुणाचीही तशीच होते. लाकूड महागलं, दरवर्षीची डागडुजी परवडेना, तसे एकेक तांडेल फायबरकडे वळले. त्या होड्यांनी आमचं घर चालवलं, पण माझा जीव शिडाच्या बोटीत होता. विजयदुर्गाजवळच्या गिर्ये इथे खडक फोडून केलेली मराठ्यांच्या आरमाराची गोदी आजही आहे. तिच्या शेजारी राहायचं आणि फक्त इंजिनाच्या होड्या ओतायच्या, हे मला पटत नव्हतं. २०१० साली नौदलातले दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. ती ५६ फुटी बोट गोव्यात दिवाडीला बांधलेली. आपल्या किनाऱ्यावर हे होतं म्हटल्यावर मी आणखी थांबलो नाही.

आमची बोट ३० फुटी ठरली. वजन साडेचार टन, त्यातलं १.८ टन शिसं पठाणाच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याच्या (इंग्रजीत कील), पोटात. बाहेरून बोल्टने जोडायची वेगळी कील लावलीच नाही. बोल्ट नाही म्हणजे गंजायचा प्रश्न नाही. परदेशी आराखडे सहा-सहा फूट पाणी मागतात आणि आपल्या खाड्यांच्या तोंडाशी ओहोटीला वाळू वर येते. म्हणून पठाण लांब ठेवून बोट साडेतीन फूट पाण्यात बसवली. सुकाणू पठाणाच्या मागे लपवलं, नाहीतर रात्री जाळ्यांचे दोर अडकलेच म्हणून समजा. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई आणि दुपारनंतरचा वायव्येचा वारा, या दोन्हींवर कुटुंब घेऊन मालवण, वेंगुर्ला, पणजी करता यावं एवढाच हिशेब होता.

प्लग, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो बोटीचा पूर्ण आकाराचा नमुना, आमच्या मेस्त्रींनी केला. तीन पिढ्यांचं सुतारकाम. पट्टी लावून लावून, डोळे मिटून तळहाताने उंचवटा शोधायचे आणि तिथेच रंधा मारायचे. सुकाणूच्या बिजागरीखाली, पाण्याखाली जाणाऱ्या भागात, त्यांनी अंगठ्याएवढा शंख कोरला. "ही आपली खूण," म्हणाले. तो मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, उतरला आणि पुढच्या प्रत्येक हलवर, म्हणजे बोटीच्या सांगाड्यावर, उमटत गेला.

पहिली बोट कॅप्टनसाहेबांनी घेतली. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेला माणूस, प्रत्येक थराला शेडमध्ये हजर. जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर. त्यामागे ३०० ग्रॅमची मॅट (काचेच्या तुकडे धाग्यांची चादर) व्हिनाइल एस्टर रेझिनमध्ये, मग ४५०ची मॅट आणि ६००चं रोव्हिंग (विणलेलं काचेचं कापड) आलटून पालटून, सगळं आयसो पॉलिएस्टर रेझिनमध्ये. एप्रिलात पहाटे चारला काम सुरू व्हायचं, कारण दहानंतर बादलीतच रेझिन गोठतं. रेझिन कडक करणारा हार्डनर कमी करून वेळ मारून न्यायची सवय अनेकांना असते. तसा हल वरून वाळलेला दिसतो आणि आतून कच्चा राहतो. जून ते सप्टेंबर आम्ही जेलकोटला हातच लावत नाही. तेव्हा आतलं सुतारकाम.

दोनतीन वर्षं चांगली गेली. मग तो प्रकार घडला.

आमच्याकडेच रोलर हातात धरायला शिकलेला, पुढे सुपरवायझर झालेला एक जण वेगळा झाला. त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या एका गिऱ्हाइकाची बोट रंगवायला म्हणून त्याने ताब्यात घेतली आणि तिच्यावरूनच मोल्ड काढला. वर्षभरात बाजारात आमचीच बोट, तिसऱ्या हिश्शाने स्वस्त. डिझाइन कायद्याचं संरक्षण हवं तर नोंदणी बोट लोकांसमोर येण्याआधी हवी, आमची तर केव्हाच पाण्यात उतरलेली. वकिलाने हात वर केले. नवीन आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं : आधी अर्ज, मग नारळ.

पुढे त्याच्या एका बोटीचं बल्कहेड, म्हणजे आतली आडवी भिंत, उधाणात सुटलं. नशिबाने माणसं वाचली. पण जेट्टीवर बोलणं झालं ते आमच्याबद्दल, कारण आकार आमचा. ठरलेल्या ऑर्डरी परत गेल्या, बँकेची पत्रं यायला लागली, पोरांचे पगार थकले. मेस्त्रींनी सहा महिने पैशाचं नाव काढलं नाही.

तेव्हा कॅप्टनसाहेब उभे राहिले. सीकॉक (पाण्याखालच्या नळीचा व्हॉल्व्ह) बसवताना होलसॉने, म्हणजे गोल करवतीने, हलमधून जी चकती निघते, ती त्यांनी आपल्या बोटीची जपून ठेवली होती. त्या दुसऱ्या बोटीच्या मालकाकडूनही तशीच चकती मिळवली. जेट्टीवर दहा जणांसमोर दोन्ही चकत्या ब्लोटॉर्चने जाळल्या. रेझिन काळा धूर सोडत जळून गेलं, काच राहिली. आमच्या चकतीचे थर वहीच्या पानांसारखे एकेक करून उचलता येत होते : मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग. दुसरीत रोव्हिंगचा एक धागा नव्हता, नुसता तुकड्यांचा भुगा. मग त्यांनी ती बोट ओहोटीला कडेला घ्यायला लावली आणि बिजागरीखालची पुटी खरवडली. आत शंख होता.

त्यानंतर ऑर्डरी परतल्या. त्याने धंदा बदलला. माफी मात्र आजवर आलेली नाही, आणि ती यायला हवी होती असं मला आजही वाटतं.

जुनी बोट घेणाऱ्यांनी रंग पाहू नये. लॉकर उघडून बल्कहेड हलला दोन्ही बाजूंनी मॅटने बांधलंय का ते बघा, नुसतं चिकटवलेलं असेल तर परत फिरा. नाण्याने टकटक करत जा, जिथे आवाज बद्द येतो तिथे थर सुटलेत. सीकॉक पितळेचे असतील तर काढून ब्रॉंझचे घाला. मॅटचे धागे एकत्र धरणारा बाइंडर पावडरचा होता की इमल्शनचा, हे बिल्डरला विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर काय ते समजा.

आता दुखणं कराचं आहे. मासेमारीच्या होडीला ५ टक्के जीएसटी, आमच्या बोटीला २०१७ पासून २८ अधिक ३ टक्के सेस, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तेच रेझिन, तीच मॅट, तेच हात. निवृत्त मास्तर आयुष्यभराच्या पुंजीतून ३० फुटी बोट घेतो, तर त्याला आणि अब्जाधीशाच्या यॉटला एकच दर. हे मी संबंधितांना लिहून कळवलंय, पुढेही कळवत राहीन.

सध्या शेडमध्ये दोन हल आहेत. मेस्त्रींचा नातू जुळ्या कीलचा नवा प्लग करतोय, ओहोटीला चिखलावर सरळ उभी राहील अशी बोट. तिच्या डिझाइनचा अर्ज या खेपेला आधीच भरला आहे.