देवगडात बसून चिंपांझींच्या खुणा वाचायला शिकले: माझा अनुभव

एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला मी डिझर्टेशनसाठी ग्रेट एप्सचे हातवारे हा विषय घेतला, म्हणजे चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान हे समोरच्याला मुद्दाम काहीतरी सांगायचं म्हणून ज्या खुणा करतात त्या. घरी देवगडात बसून आफ्रिकेतल्या माकडांचा अभ्यास कसला करतेस असं बऱ्याच जणांनी विचारलं (चिंपांझी माकड नव्हे, त्याला शेपूट नसतं, हेही दरवेळी सांगावं लागलं). पण संशोधकांनी जंगलात काढलेल्या बऱ्याच क्लिप्स नेटवर सगळ्यांसाठी खुल्या आहेत, त्या बघायच्या, प्रत्येक हालचालीची नोंद करायची आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नोंदींशी ताडून बघायची असं माझं काम होतं. मराठीत याबद्दल मला काहीच मिळालं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

व्हिडिओवर नोंदी करायला एलान नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटचं. खाली व्हिडिओच्या टाइमलाइनवर ओळी करायच्या, एका ओळीत खूण करणारा कोण, दुसऱ्यात कुणासाठी, समोरचा बघत होता का, खूण कुठली, पुढे काय झालं. सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो डोळ्याला. कारण आपण आपसूक हाताकडे बघतो, आणि हातात अर्धीच गोष्ट असते. ती हालचाल मुद्दाम केली का हे हात थांबल्यानंतर कळतं. करणारा समोरच्याकडे बघतो का, खूण करून वाट बघतो का, उत्तर नाही आलं तर परत करतो का किंवा दुसरी खूण करून बघतो का, आणि हवं ते मिळालं की थांबतो का. शिवाय समोरच्याची पाठ असेल तर नुसता हात उंचावून उपयोग नसतो, तिथे चिंपांझी अंगाला हात लावतो किंवा आवाज होईल असं काहीतरी करतो. माझे गाइड म्हणाले होते की क्लिप सुरू होते तिथून नको, संपते तिथून मागे बघत ये, आणि हा एक सल्ला मला सगळ्या पेपर्सपेक्षा जास्त उपयोगी पडला.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती खाजवण्यावरून. माझी एक मैत्रीण रत्नागिरीहून त्याच क्लिप्स स्वतंत्रपणे बघत होती, दोघींच्या नोंदी किती जुळतात ते कोहेन्स कॅपा नावाच्या आकड्यावरून ठरवतात. चिंपांझी दंडावर लांबलचक, खरखर आवाज येईल असं खाजवतो, आता ही खाज की खूण? ती म्हणायची खाज, मी म्हणायचे खूण, आणि फोनवर आम्ही एकेका क्लिपवर तासभर बोललोय. मग युगांडातल्या एन्गोगोच्या चिंपांझींवरचा २००६ चा पेपर वाचला, पिका आणि मितानी या संशोधकांचा, तिथले नर जी जागा ठळकपणे खाजवून दाखवतात नेमकी तीच जागा जोडीदार साफ करायला घेतो असं बऱ्याचदा झालं होतं. त्यानंतर आम्ही ठरवलं की खाजवल्यावर तो थांबून समोरच्याकडे बघत असेल तरच खूण लिहायची, नुसता पुढे निघून गेला तर नाही. तिथून आकडा चढायला लागला.

अर्थ ठरवायची पद्धत मला फार आवडली. चिंपांझीला विचारता येत नाही तुला काय म्हणायचं होतं, मग बघायचं की समोरच्याने काय केल्यावर तो खूण करायची थांबला, समाधान कशाने झालं, तोच अर्थ धरायचा. हॉबेटर आणि बर्न या संशोधकांनी युगांडातल्याच बुडोंगोच्या जंगलात हेच केलं आणि २०१४ मध्ये छापलं, साडेचार हजारांवर नोंदी, त्यातून १९ अर्थ लागले. इकडे ये, हे दे, पाठीवर बस, ते बंद कर असे रोजचेच अर्थ आहेत. चिंपांझी आई निघताना पायाचा तळवा मागे दाखवते आणि पिल्लू चढून बसतं, ती क्लिप मी कितीदा बघितली असेन, कारण पिल्लाने चढावं म्हणून ती थांबते तो क्षण इतका स्पष्ट आहे. एकाच खुणेचे दोन-तीन अर्थ असू शकतात आणि एका अर्थासाठी अनेक खुणा, त्यामुळे डिक्शनरीसारखं एकास एक लावायला गेलं की गोंधळ होतो. २००७ चा ओरांगउटानचा प्रयोग तर जरूर वाचा. माणसाने मुद्दाम अर्धंच हवं ते दिलं तर ते तीच खूण परत करत राहिले, आणि भलतंच दिलं तर जुन्या खुणा टाकून नव्या करू लागले. म्हणजे समोरच्याला किती कळलंय याचा त्यांना अंदाज आहे! मी हे वाचून खूप वेळ नुसती बसून होते.

हे सगळं नेमकं आंब्याच्या सीझनला. पडवीत पेट्या भरायचं काम चालू, मधेच लाईट जाणार, रेंज फक्त वरच्या सड्यावर (कातळाच्या माळावर), म्हणून संध्याकाळी तिथे जाऊन क्लिप्स डाउनलोड करून आणायच्या आणि रात्री बघायच्या. आई पेंढा लावता लावता स्क्रीनकडे बघायची. एका क्लिपमध्ये छोटा चिंपांझी खाणाऱ्याच्या तोंडापाशी हात नेतो, मी काही सांगायच्या आत आई म्हणाली, "गो, तेका खावक होया. गावला काय गप ऱ्हवता बघ." (त्याला खायला हवंय, मिळालं की गप्प राहतो बघ.) कसलंही ट्रेनिंग नसताना तिने अर्थ पण सांगितला आणि तो कशावरून ओळखायचा ते पण. २०२३ च्या एका अभ्यासात साडेपाच हजारांवर सामान्य लोकांना चिंपांझी-बोनोबोच्या क्लिप्स दाखवून चार पर्याय दिले होते, नुसत्या अंदाजाने २५ टक्के बरोबर आले असते, आले निम्म्याहून जास्त. आणि एक-दोन वर्षांच्या माणसाच्या मुलांवर केलेल्या २०१९ च्या अभ्यासात ५२ खुणा सापडल्या, त्यातल्या ४६ चिंपांझींमध्येही आहेत. आमच्या ताईचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, तो हात वर करून आजीसमोर उभा राहायचा, ती पेटीत गुंतलेली असली की पदर ओढायचा. ते बघितलं की मला एलानमधल्या ओळीच दिसायच्या.

मोठी अडचण वेळेची झाली. २०२४ मध्ये आलेल्या पेपरप्रमाणे चिंपांझी एकमेकांच्या खुणेला सरासरी १२० मिलिसेकंदांत खुणेने उत्तर देतात, माणसांच्या बोलण्यात ही फट साधारण २०० ची असते. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे सगळा मामला तीन फ्रेम्सचा. फ्रेम एकेक करून पुढे नेल्याशिवाय पर्यायच नाही, डोळे दुखतात, तरी करायचंच.

बागेत केलडी म्हणजे माकडं आली की बाबा राखणीला धावायचे आणि मी मात्र बघत राहायचे. ती एप नव्हेत, पण बंदीपूरच्या याच जातीच्या माकडांवर बंगळुरूच्या संशोधकांचा २०१८ चा पेपर आहे, ती माणसाकडे हात पुढे करून आणि कू असा आवाज काढून खाणं मागतात आणि ते मुद्दाम केलेलं संभाषण आहे असं त्यात दाखवलंय. ही सवय माणसांनीच खायला घालून लावली असणार, तेव्हा घाटात गाडी थांबवून माकडांना केळी देऊ नका ही माझी कळकळीची विनंती.

व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या खुणा जन्मजात की शिकलेल्या. मी दोन्ही बाजू सांगितल्या, टोमासेलो आणि सहकाऱ्यांचं मत की आई-पिल्लाच्या रोजच्या व्यवहारातून हालचाल आखूड होत होत खूण बनते, आणि बर्न-हॉबेटरचं मत की खुणांचा बराचसा साठा प्रजातीतूनच, जन्मजात येतो, म्हणूनच वेगवेगळ्या गटांत आणि बोनोबोंमध्येही इतक्या खुणा सारख्या निघतात. मला दुसरी बाजू जास्त पटते असं मी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी बऱ्याच क्लिप्सपुढे 'अर्थ अज्ञात' का लिहिलंय ते विचारलं. त्या क्लिप्स खूण संपताच कट केलेल्या आहेत, पुढे समोरच्याने काय केलं ते दिसतच नाही, आणि ते दिसल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.